घड्याळ, नियम आणि बोटीचे भाडे

ग्रीसमधल्या ऑलिंपिया येथील प्राचीन स्टेडियमच्या टोकाला जमिनीत बसवलेली एक दगडी पट्टी अजून जागेवर आहे. तिच्यावर दोन समांतर खाचा कोरलेल्या आहेत. धावपटू अनवाणी उभा राही आणि पायाची बोटे या खाचांत रोवून पुढे झुके. इशाऱ्याआधी जो सुटे, त्याच्या पाठीवर पंचांच्या माणसाची छडी पडे. पट्टीपासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १९२ मीटर, म्हणजे त्या काळचे ६०० फूट. परंपरेने इ. स. पूर्व ७७६ हे पहिल्या नोंदलेल्या स्पर्धेचे वर्ष मानले जाते, आणि एलिस गावच्या कोरोइबोस नावाच्या आचाऱ्याने ती शर्यत जिंकली.

धावणे, उड्या मारणे, झोंबी घेणे हे प्रकार त्याआधीही सर्वत्र होतेच. होमरच्या ‘इलियड’मध्ये मित्राच्या अंत्यविधीनंतर योद्धे शर्यती लावतात, बक्षिसांवरून भांडतातही. ऑलिंपियात नवे होते ते वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या माणसांनी एकच रेघ, एकच अंतर आणि एकाच पंचाचा शब्द मान्य करणे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात या मान्यतेत आहे. स्नायूंचा नंबर त्यानंतर लागतो.

ग्रीक नगरराज्ये एकमेकांशी वर्षानुवर्षे लढत. स्पर्धेच्या काळात लढाया थांबत, असे शाळेत सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. युद्धविरामाची घोषणा करत दूत गावोगाव जात, पण तिचा हेतू खेळाडू, प्रेक्षक आणि यात्रेकरू यांना वाटेत कोणी अडवू नये, एवढाच होता. स्पर्धकाने दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यायची आणि शेवटचा महिना एलिसमध्ये पंचांच्या नजरेखाली काढायचा, असा दंडक होता. इतके दिवस शेती सोडून राहणे कोणाला परवडणार? साहजिकच सुखवस्तू घरांतली मुले अधिक दिसत. बक्षीस फक्त ऑलिव्हच्या फांदीचे, पण घरी परतल्यावर हिशेब वेगळा असे. अथेन्समध्ये सोलोनच्या कायद्याने ऑलिंपिया जिंकणाऱ्याला ५०० द्राख्मा मिळत, आणि नगरसभागृहात आयुष्यभर फुकट जेवण.

पैसा आला तशी लबाडीही आली. इ. स. पूर्व ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली. चौघांनाही दंड झाला आणि त्या रकमेतून झ्यूस देवाचे कांस्य पुतळे घडवून स्टेडियमच्या प्रवेशमार्गावर उभे केले गेले. पुढच्या लबाडांच्या दंडातून त्यांत भर पडत गेली. मैदानात उतरणारा प्रत्येक खेळाडू त्यांच्यासमोरून जाई. पुतळे गेले, चौथरे आजही दिसतात. स्त्रियांना या स्पर्धेत प्रवेश नव्हता. हेरा देवीच्या नावाने मुलींच्या शर्यती वेगळ्या होत. रथांच्या शर्यतीत मात्र विजय मालकाचा मानला जाई. स्पार्टाच्या किनिस्का या राजकन्येने त्या वाटेने इ. स. पूर्व ३९६ मध्ये आपले नाव विजेत्यांत घातले. रोमन काळात सम्राट नीरो दहा घोड्यांचा रथ घेऊन उतरला, वाटेत पडला, शर्यत पूर्णही करू शकला नाही, तरी विजेता ठरला. पंचांचा शब्द विकला गेला की काय होते याचे इतके ढळढळीत उदाहरण पुन्हा क्वचितच सापडेल. इसवी सनाच्या चौथ्या शतकाअखेर सम्राट थिओडोसियसने जुन्या देवतांच्या उपासनेवर बंदी घातली आणि या स्पर्धांची परंपरा खुंटली.

महाराष्ट्रात आणि दख्खनेत अंगमेहनतीची स्वतंत्र परंपरा वाढत होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि मेहनत यांचे वर्णन आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला घडवले. गावजत्रेतल्या कुस्तीची रीत ठरलेली: हलगी वाजते, फडाचे पंच नजरेने अंदाज घेऊन जोड लावतात, लहान पोरांची नारळाची कुस्ती आधी आणि इनामाची शेवटी. वजनगट नाही, वेळेचे बंधन नाही, पाठ मातीला लागली की निकाल. ही पद्धत निर्दोष चाले, कारण भोवती बसलेल्या हजारभर माणसांना ती ठाऊक असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्यावरून खासबाग मैदान बांधले, असे सांगतात. १९१२ मध्ये ते खुले झाले. मधला आखाडा खाली आणि बैठक चढत जाणारी, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. वास्तू रोमच्या धर्तीची, कुस्ती मात्र जत्रेचीच राहिली.

युरोपात एकोणिसाव्या शतकात नियमांचा कारभार वाढला. इंग्लंडच्या शाळा-कॉलेजांनी खेळ कागदावर आणले, मच वेनलॉक या गावात डॉक्टर विल्यम ब्रूक्स यांनी १८५० पासून गावपातळीवर ‘ऑलिंपिक’ नावाचे खेळ भरवले. ते पाहून आलेल्या पिअर द कुबर्तँ या फ्रेंच उमरावाने २३ जून १८९४ रोजी पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठातल्या परिषदेत ऑलिंपिक पुन्हा सुरू करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली स्पर्धा झाली. आजच्यासारखे देशांचे संघ तेव्हा नव्हते. ज्याला भाडे परवडले तो गेला. १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड हा कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज तरुण असाच पोचला आणि २०० मीटर धावणे व २०० मीटर अडथळा या शर्यतींत दुसरा आला. ही दोन पदके कधी भारताच्या तर कधी ब्रिटनच्या खात्यावर मांडली जातात. १९०८ मध्ये लंडनला राष्ट्रीय समित्यांमार्फत नावे पाठवण्याची पद्धत पक्की झाली, आणि मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतरही तिथलेच. १९१२ मध्ये स्टॉकहोमला अ‍ॅथलेटिक्सची जागतिक संघटना जन्मली. विक्रम कोणता मानायचा, वारा किती चालेल, भाला कसा मोजायचा, हे ती ठरवू लागली.

पुण्याचे अनवाणी धावपटू

भारताच्या ऑलिंपिक प्रवासाची पहिली पायरी मुठेच्या काठी, डेक्कन जिमखान्यावर आहे. बाळकृष्ण नारायण भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०६ मध्ये ही संस्था काढली. गोऱ्यांच्या जिमखान्यांत एतद्देशीयांना दारे बंद, म्हणून आपले मैदान आपण उभे करायचे, हा त्या पिढीचा खाक्या होता. खो-खोसारख्या देशी खेळांना लेखी नियम देण्याचे काम इथे झाले आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या शर्यतीही भरू लागल्या. संस्थेचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा.

१९१९ च्या वार्षिक स्पर्धांना दोराबजी हजर होते. त्या दिवशी त्यांनी जे पाहिले, ते पुढे दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बहुतेक जण शेतकरी होते, पायांत काही नव्हते, धावण्याची शास्त्रशुद्ध तालीम त्यांना मिळालेली नव्हती. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळपास पोचत होत्या. केंब्रिजमध्ये शिकलेल्या आणि तिथल्या मैदानांवर खेळलेल्या दोराबजींना हा फरक किती थोडा आहे ते कळत होते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर त्यांनी ही गोष्ट घातली आणि त्यांच्या मदतीने ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत भारताला अँटवर्प ऑलिंपिकचे निमंत्रण मिळवले.

मग उघड झाली ती दुसरी बाजू. निवडीच्या बैठकीतला एक किस्सा भारतीय ऑलिंपिकचे इतिहासकार आवर्जून सांगतात. १०० मीटरसाठी पात्र ठरायला किती वेळ लागतो, असे विचारल्यावर जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने उत्तर दिले, एक-दोन मिनिटे. हा हिशेब सेकंदांत आणि त्याच्या अंशांत असतो, असे सांगितल्यावर ते अवाक् झाले. हसू येते, पण दोष त्या गृहस्थांचा नव्हे. ज्या मैदानावर पहिला कोण एवढेच पाहिले जाते, तिथे किती वेळात हा प्रश्नच उठत नाही. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या धावपटूशी तुलना करायची असेल तेव्हाच घड्याळ लागते.

पुण्यातल्या चाचणीतून सहा जण निवडले गेले. मॅरेथॉनसाठी बेळगावचा फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार, लांब पल्ल्यासाठी कैकाडी, कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे, आणि जलद शर्यतींसाठी बंगालचा पूर्मा बॅनर्जी. ध्वज बॅनर्जीच्या हाती होता. सोबत सोहराब भूत आणि टेनिसपटू फैजी हे व्यवस्थापक होते. सरकारने थोडी मदत दिली, लोकवर्गणीचे आवाहन फारसे फळले नाही आणि मोठा भार दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला. वर्गणीने गणपती आणि शाळा उभ्या करणाऱ्या पुण्यात सहा जणांच्या बोटीच्या भाड्याला पैसा जमू नये, हे नवलच. पण परदेशात जाऊन धावण्याला ‘काम’ म्हणायची सवय तेव्हा कोणालाच नव्हती.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वा आला. दातार शर्यत पूर्ण करू शकला नाही. शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचला आणि तिथे ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरला. पदकाच्या इतक्या जवळ गेलेला पहिला भारतीय कुस्तीगीर म्हणून त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते. चौगुलेचेही.

या दौऱ्यानंतर देशभर यंत्रणा उभी राहू लागली. १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, त्यांतून पॅरिस ऑलिंपिकचा संघ निवडला गेला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष आणि मद्रासच्या वायएमसीएचे डॉ. नोएरन सचिव. पुण्याचा जिमखाना मागे पडला आणि सूत्रे पंजाब, मद्रास, पतियाळा अशा केंद्रांकडे गेली. १९२८ पासून हॉकीने सुवर्णपदकांची रांग लावल्यावर धावपटू आणि मल्ल यांच्याकडे बघायला फारशी फुरसत कोणाला उरली नाही.

त्याच सुमारास उलट दिशेचा, देशी खेळ जगाकडे नेण्याचाही एक प्रयत्न झाला. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम छापले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा काढला होता. तो पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. या मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे गेले आणि मल्लखांब, कबड्डी, लाठी यांची प्रात्यक्षिके करून आले. विदर्भातल्या एका आखाड्याची मुले जगाच्या जत्रेत आपले खेळ दाखवतात, ही मोठीच मजल. पण प्रात्यक्षिक म्हणजे स्पर्धा नव्हे. समोर खेळायला दुसरा देश लागतो, त्याला तेच नियम ठाऊक असावे लागतात. कबड्डीला ती जागा १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत मिळाली आणि खो-खोचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झाला. अमरावतीच्या पथकाने जे दाखवले, त्याला पुढे सरकायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

लखनौ, १९४८

स्वतंत्र भारताच्या पहिल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा १९४८ मध्ये लखनौला झाल्या. लाहोर हे आधीच्या अनेक स्पर्धांचे घर. ते आता दुसऱ्या देशात गेले होते. फाळणीने पंजाबचे मैदान आणि त्यावरचे खेळाडू दोन्ही वाटून टाकले. त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक होते आणि नव्या तिरंग्याखाली संघ पाठवायचा होता.

लखनौत जन्मलेला हेन्री रिबेलो तेव्हा १९ वर्षांचा होता. तिहेरी उडीत त्याने त्या वर्षी बंगळुरूला १५.२९ मीटरची झेप घेतली होती आणि लंडनला तो पदकाचा दावेदार म्हणून गेला. अंतिम फेरीच्या दिवशी हवा गार होती. त्याची पाळी आली आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या एका स्पर्धेच्या पदकवितरणासाठी उडी थांबवली गेली. अंगातली ऊब गेली. पुन्हा बोलावल्यावर तो धावत आला, फळीवर पाय टाकला आणि मांडीमागचा स्नायू फाटला. स्वीडनच्या आर्ने ऑमनने ती स्पर्धा १५.४० मीटरने जिंकली. उडीआधी पुन्हा अंग गरम करू दे, असे पंचाला ठामपणे सांगणारा अनुभवी माणूस शेजारी असता, तर चित्र वेगळे दिसले असते. चार वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हीच उणीव आणखी एका भारतीयाला जाणवणार होती.

लखनौचा क्रीडा-इतिहास खरा ओळखला जातो तो हॉकीमुळे. शहराच्या ईशान्येला, इंदिरा नगर या मोठ्या वसाहतीच्या कडेने जो अयोध्येचा रस्ता जातो, त्यावर पुढे बाराबंकी लागते. ते कुंवर दिग्विजय सिंह ‘बाबू’ यांचे गाव. १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे ते उपकर्णधार आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कर्णधार. आज मुन्शीपुलियाहून निघणारी मेट्रो इंदिरा नगरवरून गोमती ओलांडून हजरतगंजकडे जाते, तेव्हा वाटेत एका स्थानकाचे नावच के. डी. सिंह बाबू स्टेडियम असे आहे. खेळाडूच्या नावाने मेट्रो स्थानक असणारी शहरे आपल्याकडे फार नाहीत.

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. गुरुदत्त सोंधी यांची ही कल्पना. ११ देश आले. मुंबईचा लेव्ही पिंटो १०० आणि २०० मीटर, दोन्ही शर्यती जिंकून आशियातला सर्वांत वेगवान धावपटू ठरला. मुंबईचीच मेरी डिसूझा २०० मीटरमध्ये तिसरी आली. स्त्रियांना ऑलिंपिकच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये १९२८ पर्यंत थांबावे लागले होते, तेही फ्रान्सच्या अलिस मिलिया यांनी स्त्रियांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा भरवून दबाव आणला म्हणून. त्या वर्षीच्या ८०० मीटर शर्यतीनंतर धावपटू दमून बसल्या, एवढ्या भांडवलावर ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. १९५२ ला मेरी डिसूझा हेलसिंकीसाठी निवडली गेली, तेव्हा सरकारकडे पैसे नव्हते. मित्रमैत्रिणींनी नाचाचा कार्यक्रम आणि पत्त्यांचे डाव ठेवून तिच्या प्रवासाची रक्कम उभी करायला घेतली.

गोळेश्वरचा मल्ल

हेलसिंकीच्या भाड्याची याहून मोठी कथा कराडजवळच्या गोळेश्वर गावची आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील पैलवान, घरात मेहनतीची शिस्त. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना घडवले. उंची बेताची, वजन कमी, पण डाव इतके चपळ की भारी अंगाचा गडी समोरच्याला पकडण्याच्या बेतात असतानाच उलटा पडलेला असे.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. तोपर्यंत त्यांनी मातीच पाहिली होती. ताक, तेल, हळद घालून कसलेल्या तांबड्या मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, घामाच्या अंगाला माती लावून निसटता गडी धरता येतो. ऑलिंपिकमधल्या गादीवर यांतले काहीच नसते. तिथे पाय सरकतो, अंग निसटते, आणि पाठ टेकली नाही तरी गुण मोजले जातात. चितपट हाच निकाल मानणाऱ्या पैलवानाला गुणांची कुस्ती म्हणजे नवी भाषाच. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. पुढची चार वर्षे खाशाबांनी गादीच्या नियमांवर घालवली.

१९५२ ची निवड सरळ झाली नाही. आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार घेऊन ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले, तिथे पुन्हा लढत लावली गेली आणि ती त्यांनी झटपट जिंकली. नंतर प्रश्न पैशाचा. गावाने वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी जमेल ते दिले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य ही त्या काळच्या कोल्हापुरातही रोजची गोष्ट नव्हती.

बँटमवेट गटात, ५७ किलोंत, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीईशी झालेली लढत लांबली, दमछाक करणारी ठरली आणि खाशाबा ती थोडक्यात हरले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तरी त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवपुढे उभे केले गेले. नियमावर बोट ठेवून हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीईला सुवर्ण, मामादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा निकाल २३ जुलैला लागला. दुसऱ्या दिवशी बाबूंच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ ने हरवले. त्यांतले पाच गोल बलबीर सिंग यांचे. वृत्तपत्रांचे मथळे हॉकीकडे गेले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गदारोळात कडेला राहिले. कोल्हापूरचेच केशव मानगावे फेदरवेट गटात चौथे आले होते, ते तर आज कुस्तीशौकिनांनाही आठवत नाहीत.

कराडला मात्र कोणी मथळ्यांची वाट पाहिली नाही. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात तुटणारी वाट कापायला तासन्तास लागले. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे कर्ज फेडले आणि घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, तिथेच निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव २०१० मध्ये दिले गेले.

दरम्यान स्पर्धांचे जग पसरत होते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात खेळ सुरू केले, त्यांतून १९६० मध्ये रोमला पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेले आणि ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन आले. भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले.

मैदानाचीही जात बदलली. १९६८ ला मेक्सिकोत राखेच्या ट्रॅकची जागा कृत्रिम पृष्ठभागाने घेतली. १९७७ पासून छोट्या शर्यतींत हातघड्याळाचे विक्रम मानणे बंद झाले आणि सेकंदाचा शंभरावा भाग हेच चलन ठरले. हौशीपणाची अट ढिली होत गेली. १९८३ ला हेलसिंकीतच अ‍ॅथलेटिक्सची पहिली स्वतंत्र जागतिक स्पर्धा झाली. पुण्याने १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडासंकुल बांधले. तिथे २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१३ मध्ये आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. डेक्कन जिमखान्यापासून हे संकुल काही किलोमीटरच. पुण्याला तिथवर यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

या संकुलाचा फायदा शहरी मुलांना किती झाला हा वादाचा विषय आहे, पण लांब पल्ल्याचे धावपटू मात्र आजही कोरडवाहू तालुक्यांतूनच येतात. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरमध्ये तिसरी आली. ट्रॅकवर वैयक्तिक राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय स्त्री दिसली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला आणि तिथे धावायला लागला. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे असतात, पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि तो पाय लागला तरी पडत नाही. बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुलात साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ दिली. केनियाच्या अब्राहम किबिवॉटने त्याला ०.०५ सेकंदाने मागे टाकले. या शर्यतीतली तिन्ही पदके १९९८ पासून दर खेपेला केनियाकडेच जात होती. ती साखळी त्या दिवशी तुटली. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतले आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक अंतिम फेरीत ११ वा आला.

पॅरिसमध्येच १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा हा नेमबाज खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू ठरला. मधे ७२ वर्षे गेली होती. महिनाभराने पॅरालिंपिकमध्ये आटपाडी तालुक्याच्या करगणीतला सचिन खिलारी गोळाफेकीत १६.३२ मीटरसह रौप्यपदकावर पोचला.

त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईत भरले. २०३६ चे यजमानपद मिळवण्याचा इरादा भारताने तिथेच जाहीर केला. त्याच अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत पाच खेळ घेण्यावर शिक्कामोर्तब झाले. स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्या सोबत क्रिकेटही त्या यादीत आहे. ऑलिंपिकमध्ये ते याआधी एकदाच, १९०० मध्ये पॅरिसला खेळले गेले होते.